तपासणी करण्यापूर्वी एक प्रश्न



सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या दवाखान्यात नेमाने येणारे एक काका, निवृत्त शिक्षक, वय ७६. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर दुसरे औषध नाही. पहाटे उठून नदीच्या घाटापर्यंत चालत जाऊन येण्याचा त्यांचा परिपाठ पावसाळ्यातही चुकत नसे. त्या वर्षी त्यांच्या वाढदिवसाला पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने 'संपूर्ण आरोग्य तपासणी'चे पॅकेज त्यांना भेट दिले. घरी येऊन माणूस रक्त घेऊन गेला आणि दोन दिवसांनी मोबाइलवर रिपोर्ट आला. त्यात सत्तरहून अधिक आकडे होते आणि त्यांतले चार ठळक अक्षरांत छापलेले होते. मुलगा रजा काढून गावी आला आणि त्याने ते कागद माझ्या टेबलावर ठेवले.

चारांपैकी तीन आकडे किरकोळ होते. चौथा पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीशी संबंधित रक्तचाचणीचा. तो मर्यादेपेक्षा थोडा अधिक होता. बाहेर रुग्णांची रांग होती. "लघवीला काही त्रास?" एवढेच मी विचारले. काका "नाही" म्हणाले. तरीही मी मूत्ररोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. पुढचे सारे एकामागून एक घडत गेले. आधी सोनोग्राफी झाली, मग सुईने ग्रंथीचे तुकडे काढून बायोप्सी. तिसऱ्या दिवशी काकांना थंडी वाजून ताप भरला. बायोप्सीनंतर क्वचित होणारा जंतुसंसर्ग त्यांना झाला होता आणि तो रक्तात पसरला होता. आठ दिवस ते रुग्णालयात होते, त्यांतले दोन अतिदक्षता विभागात. दरम्यान बायोप्सीचा अहवाल आला. कर्करोग होता, पण लहानसा आणि अतिशय संथ वाढणारा. तूर्त काहीही उपचार न करता केवळ लक्ष ठेवावे, असा सल्ला मिळाला.

काका बरे झाले. मात्र घाटापर्यंत चालण्याची शक्ती परत यायला तीन महिने लागले. पुढे दर सहा महिन्यांनी रक्ततपासणीची तारीख जवळ आली की त्यांची झोप उडत असे. अशाच एका भेटीत त्यांनी मला विचारले, "डॉक्टर, ही गाठ मला कळलीच नसती, तर माझं काय झालं असतं?"

"बहुधा काहीच नाही" हे त्याचे प्रामाणिक उत्तर होते. वृद्धापकाळी अन्य कारणांनी मरण पावलेल्या अनेक पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये शवविच्छेदनात असा संथ कर्करोग सापडतो. त्यांना हयातीत त्याचा पत्ताही नसतो. म्हणूनच अमेरिकेतील प्रतिबंधक तपासण्यांविषयी सल्ला देणाऱ्या तज्ज्ञमंडळाने २०१८ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर लक्षणे नसताना सरसकट पीएसए तपासू नये, असे सांगितले. हे मला ठाऊक होते. तज्ज्ञांचे काही चुकले नव्हते, प्रयोगशाळेचा आकडाही खरा होता. चूक माझी होती. चिठ्ठी लिहिण्यापूर्वी एक प्रश्न मी स्वतःला आणि काकांना विचारायला हवा होता, तो विचारला नाही. या तपासणीचे उत्तर आल्यावर आपण वेगळे काय करणार आहोत, आणि त्याने या माणसाचे पुढचे आयुष्य सुधारणार आहे का?

आजचा लेख या एका प्रश्नाविषयी आहे.

आधी जमेची बाजू

काही वाचक यावरून "तपासण्या आणि औषधे हे सगळे थोतांड आहे" असा निष्कर्ष काढतील, म्हणून हे प्रथम सांगतो. आधुनिक वैद्यकाने दिलेले दान फार मोठे आहे. हृदयविकाराच्या झटक्यात वेळेवर केलेली अँजिओप्लास्टी किंवा गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जीव वाचवते. मेंदूत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर पहिल्या साडेचार तासांत योग्य रुग्णाला दिलेले इंजेक्शन हातापायांची शक्ती परत मिळवून देऊ शकते. मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवलेला माणूस बहुधा त्याच दिवशी घरी जातो आणि पुन्हा पोथी वाचू लागतो. पूर्वी मांडीचे हाड खुब्यापाशी मोडलेली आजी अंथरुणाला खिळत असे. आता शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत तिला उभे करता येते.

म्हणून छातीत दाटून आले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा एका बाजूची शक्ती गेली, तर या लेखातील कोणताही प्रश्न विचारत बसू नका. तत्काळ रुग्णालय गाठा. पुढील विवेचन ज्यांना विचार करायला अवधी आहे, अशा प्रसंगांसाठी आहे. आणि वृद्धांच्या बाबतीत असे प्रसंगच अधिक असतात.

ठळक अक्षरांतील आकडा

रिपोर्टवर छापलेली 'सामान्य मर्यादा' कशी ठरते, हे फार थोड्यांना माहीत असते. बहुतेक चाचण्यांत निरोगी माणसांचे आकडे घेऊन त्यांतील मधल्या ९५ टक्क्यांना सामान्य मानले जाते. याचा अर्थ, अगदी ठणठणीत माणसांपैकीही ५ टक्के त्या मर्यादेबाहेर पडतात. आता एकाच वेळी २० स्वतंत्र चाचण्या केल्या, तर निरोगी माणसाचा एक तरी आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. सत्तर चाचण्यांच्या पॅकेजात सगळेच आकडे सरळ येणे हेच नवल.

दुसरे गणित याहून महत्त्वाचे आहे. समजा, एखादा आजार हजारात एकालाच आहे. त्याची चाचणी उत्तम आहे. आजारी माणूस ती सोडत नाही, मात्र निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना चुकून आजारी ठरवते. हजार जणांची चाचणी केली तर सुमारे ५१ जणांचा रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' येईल, आणि त्यांत खरा रुग्ण एकच असेल. उरलेल्या पन्नासांच्या वाट्याला चिंता, फेऱ्या आणि पुढच्या तपासण्या येतील. तीच चाचणी लक्षणे असणाऱ्या माणसाची केली, की चित्र पालटते; कारण त्याला तो आजार असण्याची शक्यता मुळातच अधिक असते. म्हणून चाचणी चांगली की वाईट, हे एकट्या चाचणीवरून ठरत नाही. ती कोणाची आणि कशासाठी केली, यावरून ठरते.

एक घरगुती उदाहरण देतो. अंथरुणावरील आजींच्या लघवीच्या तपासणीत जंतू सापडले की घरचे घाबरून प्रतिजैविके मागतात. वृद्ध स्त्रियांच्या लघवीत कोणताही त्रास नसताना जंतू असणे ही अगदी नेहमीची बाब आहे. ताप, जळजळ, ओटीपोटात दुखणे असे काही नसेल, तर बहुतेक वेळा औषधाची गरज नसते. उलट विनाकारण घेतलेल्या प्रतिजैविकाने जुलाब होतात आणि पुढे खऱ्या संसर्गाला ते औषध लागू पडत नाही.

दक्षिण कोरियाने घेतलेला धडा

निरुपद्रवी आजार शोधून काढण्याची किंमत किती असू शकते, याचे ठळक उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. तेथे १९९९ मध्ये सरकारने कर्करोग शोधण्याची राष्ट्रीय योजना सुरू केली. थायरॉइडची सोनोग्राफी त्या योजनेत नव्हती. पण अनेक रुग्णालये थोडे जादा पैसे घेऊन तीही करून देऊ लागली. परिणाम असा झाला की २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या सुमारे १५ पट झाले. त्या एका वर्षात ४० हजारांहून अधिक लोकांना हे निदान सांगण्यात आले.

खरोखरच्या घातक कर्करोगाची ही साथ असती, तर मृत्यू वाढले असते. लवकर निदानाचा लाभ झाला असता, तर मृत्यू घटले असते. मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तसेच राहिले. निदान झालेल्या जवळजवळ सर्वांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील अनेकांना आयुष्यभर थायरॉइडची गोळी लागली, काहींचे कॅल्शियमचे संतुलन बिघडले, तर काहींचा आवाज गेला. २०१४ मध्ये तेथील काही डॉक्टरांनीच ही बाब जाहीरपणे मांडली आणि वर्षभरात या शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या.

आपल्या काकांच्या प्रोस्टेटची आणि त्या हजारो कोरियन थायरॉइडची कथा एकच आहे. 'लवकर सापडले म्हणजे वाचलो' हे काही कर्करोगांबाबत खरे आहे. सर्वांबाबत आणि सर्व वयांत खरे नाही.

आतल्या सुरकुत्या

चेहऱ्यावर सुरकुत्या पडल्या म्हणून कोणी डॉक्टरांकडे धावत नाही. परंतु कंबरेच्या एमआरआयमध्ये 'डिस्क झिजली आहे' असे वाचले की माणूस हादरतो. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या प्रतिमांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात ऐंशीच्या घरातील ९६ टक्के लोकांत डिस्कची झीज आढळली, आणि विशीतील ३७ टक्क्यांतही ती होती. ही झीज म्हणजे बव्हंशी आतल्या सुरकुत्या होत. कंबरदुखीसोबत पायातील शक्ती कमी होणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे, ताप, वजन घटणे, पडल्यानंतरचे दुखणे किंवा पूर्वीचा कर्करोग यांपैकी काही असेल, तर प्रतिमा तातडीने हवीच. तसे काही नसेल, तर पहिले काही आठवडे हालचाल, शेक, व्यायाम आणि साधे वेदनाशामक यांवर धीर धरणे हिताचे ठरते.

औषध कोणासाठी, कशासाठी?

उपचारांनाही हाच प्रश्न लागू पडतो. येथे मला दुसरी एक घटना सांगितली पाहिजे, कारण ती पहिलीच्या अगदी उलट आहे.

आमच्या गल्लीतील एक काकू, वय ८१. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांवर त्यांचा वरचा दाब १४० च्या आसपास असे. "या वयात कशाला औषधांचा मारा?" असे कोणीतरी नातेवाइकाने सुचवले, मोबाइलवर तशाच अर्थाचा संदेशही आला, आणि काकूंनी गोळ्या बंद केल्या. त्यांना बरेच वाटत होते. रक्तदाब वाढला तरी तो दुखत नाही. चार महिन्यांनी एका सकाळी त्यांच्या हातून चहाचा कप निसटला. उजवा हात पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही.

ऐंशीनंतर रक्तदाब कमी करण्याने लाभ होतो की नाही, ही शंका एके काळी डॉक्टरांनाही होती. 'हायव्हेट' नावाच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने तिचे उत्तर दिले. ऐंशी वर्षांवरील आणि वरचा दाब १६० किंवा अधिक असलेल्या ३,८४५ लोकांवर ती झाली. औषध घेणाऱ्यांत एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याच्या घटना ६४ टक्क्यांनी कमी झाल्या. पक्षाघातही कमी झाले. त्यांनी गाठायचा दाब १५०/८० होता, १२० नव्हे. म्हणजे या वयातही औषध हवे, पण बेताने हवे. दाब फार उतरला, तर उभे राहताना चक्कर येऊन पडण्याची भीती असते.

आता ॲस्पिरिन पाहू. 'रक्त पातळ राहावे' म्हणून कोणताही हृदयविकार नसताना ही गोळी घेणारे वृद्ध मला दर आठवड्याला भेटतात. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ निरोगी वृद्धांवर झालेल्या 'ॲस्प्री' चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. अशा निरोगी वृद्धांना रोजच्या ॲस्पिरिनने धडधाकट आयुष्याची जादा वर्षे लाभली नाहीत. गंभीर रक्तस्राव मात्र हजारी २८ ऐवजी ३८ जणांना झाले. परंतु ज्यांना पूर्वी हृदयविकाराचा झटका आला आहे, स्टेंट बसवला आहे किंवा गुठळीमुळे पक्षाघात झाला आहे, त्यांच्यासाठी तीच गोळी मोलाची आहे. त्यांनी हा लेख वाचून ती मुळीच थांबवू नये. गोळी एकच, माणसे वेगळी, म्हणून उत्तरही वेगळे.

स्टेंटचेही तसेच. झटका आलेल्या माणसाला तो तारतो. पण चढ चढताना छातीत भरून येते, थांबल्यावर कमी होते आणि महिनोन्‌महिने तेवढेच राहते, अशा स्थिर दुखण्यात? २००७ मधील 'करेज' आणि २०२० मधील 'इस्केमिया' या दोन मोठ्या चाचण्यांत, उत्तम औषधोपचार चालू असता, त्यात स्टेंटसारख्या उपायांची भर घातल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. छातीतील दुखणे मात्र कमी झाले, आणि हा लाभही खरा आहे. मुख्य डाव्या रक्तवाहिनीतील मोठा अडथळा किंवा हृदयाची फार कमी झालेली शक्ती, असे रुग्ण यात धरलेले नव्हते. म्हणून स्टेंट सुचवला गेला तर "हा आयुष्य वाढवण्यासाठी की त्रास कमी करण्यासाठी?" असे अवश्य विचारावे. त्रास कमी करण्यासाठी असेल, तर त्रास किती आहे हे सांगणारे आपण स्वतः आहात.

टक्क्यांची जादू

'धोका ५० टक्क्यांनी कमी' असे वाचले की थांबा आणि विचारा, "किती जणांत किती?" शंभरात दोघांना होणारा आजार एकाला होऊ लागला, तरी घट ५० टक्केच, आणि शंभरात चाळिसांचा वीस झाला, तरीही ५० टक्केच. पहिल्या बाबतीत शंभर जणांनी औषध घेतल्यावर एकाला लाभ होतो, दुसरीत वीस जणांना. वर सांगितलेल्या 'हायव्हेट'मधील २१ टक्क्यांचा सरळ अर्थ असा की हजार लोकांमागे वर्षाला सुमारे ६० ऐवजी ४७ मृत्यू झाले. हा आकडा भपकेबाज नाही, पण भक्कम आहे. दुष्परिणामही याच रीतीने, हजारात किती, असे मोजावेत. मगच तराजूची दोन्ही पारडी दिसतात.

घरच्यांनी विचारायचे पाच प्रश्न

वडीलधाऱ्यांना दवाखान्यात घेऊन येणाऱ्या मुला-सुनांनी आणि लेकींनी पुढील प्रश्न कागदावर लिहून आणावेत.

१. ही तपासणी किंवा हे औषध नेमके कशासाठी? आयुष्य वाढावे म्हणून, त्रास कमी व्हावा म्हणून, की केवळ माहितीसाठी?

२. रिपोर्ट चांगला आला तर काय करायचे, वाईट आला तर काय? दोन्ही वेळा एकच करणार असू, तर तपासणी का करावी?

३. लाभ किती जणांत किती आणि तो दिसायला किती काळ लागतो? दहा वर्षांनी लाभणारे औषध नव्वदीच्या आजोबांना कदाचित केवळ त्रासच देईल.

४. काही न करता थोडे थांबलो, तर काय होईल? थांबण्याच्या काळात कशावर लक्ष ठेवू?

५. जुन्या गोळ्यांपैकी आता कोणती कमी करता येईल?

पाचव्या प्रश्नासाठी घरातील सर्व औषधे, आयुर्वेदिक आणि दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून आणा. झोपेच्या गोळीने पडणे, वेदनाशामकाने मूत्रपिंडावर ताण, आणि मधुमेहाच्या औषधाने साखर अति उतरणे या वृद्धापकाळातील नेहमीच्या आपत्ती आहेत. पुष्कळ व्याधी असलेल्या वृद्धांत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा आठपर्यंत चालतो. सातच्या खाली आणण्याच्या हट्टापायी रात्री साखर उतरून पडण्याचा धोका पत्करू नये. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. काकूंचा उजवा हात आठवा.

डॉक्टरांना असे विचारणे म्हणजे अविश्वास नाही. विचारल्यावर ज्याला राग येतो, तो डॉक्टर बहुधा घाईत असतो. त्या दिवशी मीही घाईतच होतो.

मग करावे तरी काय?

ज्यांच्या उत्तरावर खरोखर काही करता येते, अशा साध्या तपासण्या नेमाने कराव्यात. बसून आणि उभे राहून मोजलेला रक्तदाब. रक्तातील साखर. रक्तदाबाची वा मधुमेहाची औषधे चालू असतील, तर मूत्रपिंडाचे कार्य आणि सोडियम-पोटॅशियम. हिमोग्लोबिन. वजन, कारण न कळता ते घटत असेल, तर मात्र शोध घ्यायलाच हवा. डोळे, कान आणि दात. चालताना तोल जातो का, गेल्या वर्षात पडलात का, विसरभोळेपणा वाढला आहे का, मन उदास असते का, ही विचारपूस. त्याबरोबर दरवर्षी फ्लूची आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने न्यूमोनियाची लस. या यादीत आकर्षक असे काही नाही. पण यांतील जवळजवळ प्रत्येक गोष्टीनंतर पुढचे पाऊल उचलता येते.

शेवटी काकांविषयी. ते आता ८२ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी मी, मूत्ररोगतज्ज्ञ आणि काका असे तिघे एकत्र बसलो. त्रास सुरू झाला तर उपचार करायचे, तोवर ती रक्ततपासणी थांबवायची, असे ठरले. निर्णय काकांनी घेतला. आम्ही फक्त पारडी समोर ठेवली. यंदा वाढदिवसापूर्वी त्यांच्या मुलाचा मला फोन आला. "डॉक्टर, या वेळी बाबांची कोणती तपासणी करून घेऊ?" मी उलट विचारले, "त्यांना सध्या अडचण कशाची होते?" तो जरा थांबून म्हणाला, "फोनवर त्यांना माझं नीट ऐकू येत नाही."

कान तपासले, श्रवणयंत्र बसवले. मागच्या आठवड्यात घाटावरून परतताना काका दवाखान्यात डोकावले. सांगत होते, "नातीशी रोज बोलतो हल्ली. आणि नदीचा आवाज एवढा मोठा असतो, हे विसरलोच होतो."